परतीचा काळ

"शांत राहा गं, एकदम शांत," असं आई लॅबच्या दारातून मला ओरडून सांगत होती आणि आत एक मुलगी माझ्या मानेला स्पिरिट चोळत होती. माझ्या आधीच्या मुलाचे वडील त्याला हेच सांगत होते, फक्त दटावून. आमच्या कराडात संशोधनासाठी बाहेर जाऊ पाहणारी इतकी मुलं असतील हे मला त्या दिवशी कळलं. त्यांना शांत राहायला सांगणारी माणसं त्यांच्या दुप्पट होती आणि सगळी घामाघूम झाली होती. मानेवर, केसांच्या मुळाशी, ती गार पट्टी चिकटली. निकाल लागेपर्यंत ती आता निघणार नव्हती.

तिचं कागदोपत्री नाव लांबलचक आहे. आमच्याकडे सगळे तिला टिकली म्हणतात, कारण ती तेवढीच असते. माणूस हादरला की मेंदूकडून मूत्रपिंडांवरच्या दोन छोट्या ग्रंथींना निरोप जातो आणि त्या कॉर्टिसॉल नावाचं द्रव्य रक्तात सोडतात. रक्तातून त्याचा अंश घामात उतरतो. टिकली तो घाम टिपते, जोडीला हृदयाच्या दोन ठोक्यांमधली अंतरं मोजते आणि दोन्ही मिळून एक रेघ काढते. रेघ चढली की तुम्ही हादरलात, उतरली की सावरलात. ती थेट विद्यापीठाकडे जाते, आणि तिची प्रत पालकांच्या आणि क्लासच्या फोनवर दिसते. पहिल्या वर्षी कुणीतरी आपली टिकली म्हशीच्या कानामागे लावून ठेवली होती असं आमच्याकडे सांगतात. रेघ फार सुंदर आली म्हणे. तेव्हापासून टिकली ठोक्यांच्या ठेवणीवरून माणूस ओळखायला शिकली.

हे सगळं एका चांगल्या शोधातून निघालं, याचा मला जास्त राग येतो. पीएचडी अर्धवट सोडून जाणारी मुलं बुद्धीने कमी नसतात, असं कुणीतरी बरीच वर्षं खपून दाखवून दिलं. प्रयोग फसतो, दोन वर्षांचं काम वाया जातं, मार्गदर्शक तुसडेपणाने बोलतो, आणि त्यांचं शरीर त्या धक्क्यातून लवकर परत येत नाही. या परत येण्याला लागणाऱ्या वेळाला त्याने 'परतीचा काळ' असं नाव दिलं. अशा मुलांना आधार द्यावा, एवढंच त्या बिचाऱ्याचं म्हणणं होतं. विद्यापीठांनी त्यातून सोयीचं तेवढं उचललं. ज्याला आधार लागेल त्याला घ्यायचंच कशाला? अर्ज आणि निकाल यांच्यामधला काळ त्यांनी मुद्दाम लांबवला. निकाल डिसेंबरातही लावता आला असता. पण वाट पाहताना उमेदवार कसा वागतो, हीच आता परीक्षा झाली होती.

मला दगडफुलावर काम करायचं होतं. तेच दगडफूल, जे आपण मसाल्यात घालतो. बुरशी आणि शेवाळ यांनी मिळून थाटलेला तो संसार आहे, आणि तो इतका सावकाश वाढतो की बघणाऱ्याचं वय निघून जातं. उत्तरेकडे बर्फाच्या प्रदेशात हेल्विक नावाचं विद्यापीठ आहे, तिथे यावर सगळ्यात चांगलं काम चालतं. मला दुसरीकडे कुठे जायचंच नव्हतं, त्यामुळे अर्जही तेवढा एकच केला होता.

दगडफुलाची आणि माझी गाठ शालन आत्याने घालून दिली. शालन आत्या बाबांची मोठी बहीण. तिने लग्न केलं नाही. पाटणच्या वर डोंगरात वाघजाईवाडी आहे, तिथल्या शाळेत तिने आयुष्यभर शिकवलं आणि निवृत्त झाल्यावरही तिथेच दोन खोल्यांत राहिली. मी दुसरीत असताना तिने घरामागच्या कातळावर एका दगडफुलाभोवती बोटभर जागा सोडून पांढऱ्या ऑइलपेंटने गोल काढला आणि म्हणाली, "हे रेघेपर्यंत पोचलं की मला सांग." दर मे महिन्यात मी जाऊन बघायचे. ते काही पोचायचं नाही. मी वैतागले की ती म्हणायची, "त्याला घाई नाही, तुला कसली?"

आता क्लासबद्दल. जिथे परीक्षा तिथे क्लास, हे आपल्याकडे सांगायला नको. बसस्टँडमागे फरसाणाच्या दुकानावर 'स्थिरचित्त अकॅडमी' होती आणि प्रणीत सर तिथे वाट पाहायला शिकवायचे. सर स्वतः कधी कुठे गेले नव्हते, पण रेघ वाचण्यात त्यांचा हात कुणी धरत नसे. "डोंगर हवा मुलांनो, पठार नको," असं ते रोज सांगायचे. सपाट रेघ आली तर यंत्राला वाटतं मुलगा मठ्ठ आहे नाहीतर गोळ्या खातो. म्हणून रेघ एकदा चांगली चढायला हवी आणि मग तासा-दोन तासांत गुमान खाली यायला हवी.

तो डोंगर उभा करायला सर धक्के द्यायचे. श्वासाचा व्यायाम चालू असताना एकाएकी भोंगा वाजायचा. एकदा एका मुलाला त्यांनी वडिलांचा अपघात झाल्याचा खोटा फोन करवला, तो जिन्यातच चक्कर येऊन पडला. पण लवकरच आमची शरीरं शहाणी झाली. खोट्या धक्क्याने ठोके वाढतात, कॉर्टिसॉल मात्र चढत नाही. ते सावकाश चढणारं द्रव्य आहे आणि त्यासाठी गोष्ट मनाला खरी वाटावी लागते. सर हळहळायचे. "खऱ्याला तोड नाही," म्हणायचे, आणि समोर बसलेले पालक माना डोलवायचे.

घरात तर मी काचेचं भांडं झाले होते. टीव्ही बंद होता. भाजीवाल्याला बाबा खाली जाऊन सांगून यायचे, आमच्या दारात ओरडू नको. माझ्या फोनवर क्लासने आई, बाबा आणि सर एवढेच नंबर चालू ठेवले होते. आत्याचा नंबर बंद केला तेव्हा मी विचारलं होतं, तर सर म्हणाले, "आत्याशी बोललीस की तुझी रेघ नाचते. लाडकं माणूस निकालानंतर." मला ते पटलं नव्हतं, पण हेल्विक हवं होतं.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात बाबा ऑफिसच्या कामाला म्हणून पुण्याला गेले आणि डोळे सुजवून परत आले. एसीने झालं म्हणाले. त्याच दिवसापासून आमच्या देवाला दिवा लावायला शेजारच्या लोहारकाकू येऊ लागल्या. आईचा खांदा दुखत होता म्हणे. एका संध्याकाळी काकू आल्या नाहीत. तिन्हीसांज होऊन गेली, आई स्वयंपाकघरात होती, म्हणून मी काडेपेटी घेतली आणि समईकडे वळले.

"देवाला हात लावू नको." आई धावत आली आणि तिने माझं मनगट घट्ट धरलं. धरलं ते त्याच दुखऱ्या खांद्याच्या हाताने.

मी काडेपेटी खाली ठेवली. घरात देवाला शिवायचं नाही, दिवा लावायचा नाही, शेजारणीकडून लावून घ्यायचा, हे आपण कधी करतो ते लहान मुलालाही माहीत असतं. सुतक होतं. मलाही होतं आणि मला ते माहीत नव्हतं. आई मला इतके दिवस सरळ डोळ्यांत बघून फसवत होती. देवाला फसवायची मात्र तिची छाती झाली नाही.

"कोण गेलं?" मी विचारलं.

आईने बाबांकडे बघितलं. बाबांनी फोन उचलला आणि सरांना लावला. मी समोर उभी असताना. घाईत बोट लागून तो स्पीकरवर गेला असावा, कारण सरांचा आवाज सगळ्या खोलीला ऐकू आला.

"नाव सांगितलंत का? नाही ना? मग अजिबात सांगू नका."

"सर, पण तिला कळलंय की घरातलं कुणीतरी..."

"काही बिघडत नाही. निम्मा धक्का गेला, निम्मा शिल्लक आहे. आता दोन दिवसांत रेघ खाली बसू द्या. शनिवारी सकाळी क्लासमध्ये आणा, मी स्वतः सांगतो. हेल्विकची शेवटची छाननी सोमवारी आहे. असा योग सारखा येत नाही हो डांगेसाहेब."

"बाबा," मी म्हणाले, "आपलं कोण गेलं?"

"शनिवारपर्यंत थांब, बाळा. सर सांगतायत ना तेवढं." बाबा रडत होते. शर्टाच्या बाहीने डोळे पुसत होते आणि दुसऱ्या हातातल्या फोनवर माझी रेघ बघत होते. इथे मला त्यांची दया आली असं लिहायला हवं. मला किळस आली. अन्नात पाल निघाल्यावर येते ती.

अर्ज केल्यापासून मी एका निकालाची वाट पाहत होते, आता दोन निकाल झाले. अंथरुणावर पडून मी माणसं आठवू लागले. अशोककाका, बाबांचे चुलते तात्या, आत्या. यातलं कोण असलेलं चालेल, असा विचार कधी सुरू झाला ते कळलं नाही. तात्यांशी माझा फारसा संबंध नव्हता. तात्या असू दे, असं मी चक्क मागून गेले. मग मला माझीच शिसारी आली. मी उठून चूळ भरली, तरी तोंडाची चव जाईना.

सकाळी आई आंघोळीला गेली तशी मी चपला घालून बाहेर पडले. स्टँडवर पाटणची एसटी उभी होती. पाटणहून वर वडापची जीप मिळाली. खिशात फोन सारखा थरथरत होता. बाबा, सर, बाबा, सर. मी तो बंद केला. मानेवरची टिकली बंद करायची सोय नव्हती.

आत्याच्या दाराला कुलूप होतं. तिचं दार दिवसा कधी लावलेलं मी बघितलं नव्हतं. शेजारच्या हौसाकाकी अंगणात शेंगा निवडत बसल्या होत्या. मला बघून त्यांनी सूप खाली ठेवलं.

"आलीस व्हय," त्या म्हणाल्या. "लई उशीर केलास गं बाय."

मग मला नाव कळलं. क्लासमध्ये नाही, सरांच्या तोंडून नाही. मी पायरीवर बसले आणि मोठ्याने रडले. कित्येक आठवडे मी श्वास मोजत जगत होते, त्या सगळ्या श्वासांचा चुराडा झाला. हौसाकाकींनी मला उगी उगी केलं नाही. शेजारी बसून त्याही रडल्या.

"आजारी होती?" बऱ्याच वेळाने मी विचारलं.

"संक्रातीपासनं. छातीत पाणी झालतं. तुझा बाप येऊन दवाखान्यात न्हायचा, परत आणून सोडायचा. रोज इचारायची मला, शर्वरीचा निकाल आला का गं? मी म्हनलं, फोन लावून देऊ का? तर म्हनली, नको. भावानं नको म्हनलंय, पोरीचं काय ते मशीन चालू हाय." काकींनी नाक पुसलं. "शेवटच्या दिवशी बी तेच. निकाल आला का."

म्हणजे तीही वाट पाहत होती. माझ्यापेक्षा शांतपणे, आणि तिच्या मानेला काही चिकटवलेलं नव्हतं.

मी घरामागे गेले. कातळ तापला होता. पांढरा गोल बराच उडाला होता, आणि दगडफूल त्याला एका बाजूने टेकलं होतं. मी तिला ते कधी सांगितलं नव्हतं, कारण दोन वर्षं अभ्यासाच्या नादात मी बघायलाच आले नव्हते. पण तिने बघितलं होतं. पांढऱ्या गोलाबाहेर बोटभर जागा सोडून पिवळ्या ऑइलपेंटचा नवा गोल होता, ताजा, एका जागी ओघळलेला.

"ह्यो कधी काढला?" मागोमाग आलेल्या काकींना मी त्यांच्याच बोलीत विचारलं.

"दिवाळीत. वाकता येत नव्हतं, तरी माझं ऐकते का ती? मला म्हनली, डबा धर. धरला, तर निम्मा रंग माझ्या लुगड्यावर. वर मलाच बोलली, हौसा तुला साधा डबा धरता येत न्हाय, तिसरीत मी तुला पास केलं हीच माझी चूक." काकी हसायला लागल्या आणि मलाही हसू आलं. मग त्यांनी चहा केला, त्यात बुडवायला बटर दिलं, आत्याच्या आणखी चार गोष्टी सांगितल्या. दुपार कलली तेव्हा मी तिथेच ओसरीवर झोपले होते. इतकी गाढ झोप मला डिसेंबरपासून लागली नव्हती.

बाबा न्यायला आले ते संध्याकाळी. मी मागे जाऊन बसले. गाडीत त्यांचा फोन वाजला आणि सरांचा आवाज मला मागच्या सीटवर ऐकू आला. मला वाटलं, चिडले असतील.

"डांगेसाहेब, अहो काय डोंगर आहे हा. एकदम कडा, आणि उतार बघा, लोण्यासारखा. मी शनिवारी जीव काढला असता तरी असा जमला नसता. तिला म्हणावं, जिंकलीस."

मी गाडी थांबवायला लावली आणि रस्त्याकडेला ओकले. रेघ तेव्हाही थोडी हलली असेल.

मार्च संपता संपता हेल्विकचं पत्र आलं. माझी निवड झाली होती. माझ्या शोधनिबंधाबद्दल त्यात एक ओळ होती. डोंगराचं कारण सरांनी कळवलेलं असणार, कारण पुढे लिहिलं होतं की, आप्तवियोगानंतरचा आपला परतीचा काळ आमच्या नोंदींतल्या सर्वोत्तमांपैकी आहे, त्याबद्दल आपलं खास अभिनंदन. हौसाकाकींचा चहा, लुगड्यावरचा रंग, तो पिवळा गोल, सगळं त्यांनी मोजून माझ्या नावावर गुण म्हणून जमा केलं होतं. आईने पेढे आणले. सुतक फिटलं होतं, तिने समई लावली आणि पेढ्यांचा बॉक्स देवापुढे ठेवला. शेजारी आत्याचा फोटो होता, तिलाही एक ठेवला.

दोन दिवसांनी बसस्टँडमागून जाताना मी वर बघितलं. फरसाणाच्या दुकानावर माझा फोटो लागला होता. खाली माझी रेघ छापली होती आणि लाल अक्षरांत लिहिलं होतं, 'कु. शर्वरी डांगे, आप्तवियोग गटात प्रथम'.

घरी येऊन मी हेल्विकच्या पोर्टलवर गेले. आपली रेघ मागे घ्यायची सोय तिथे आहे, अगदी खाली, बारीक अक्षरांत. रेघ मागे घेतली की अर्जही रद्द होतो. मी ती मागे घेतली. कुणाला यात काही थोर दिसलं तर दिसो. मला किळस आली होती आणि हेल्विकचा तो मान आता अंगाला लावून घेववत नव्हता, एवढंच. कोईमतूरला एक लहानशी प्रयोगशाळा आहे, तिथे अजून टिकली लागत नाही. पुढच्या वर्षापासून लावणार आहेत म्हणे. मी यंदाच अर्ज केला.

बाबा ताटावरून उठून गेले. दारात थांबून म्हणाले, "आत्याला काय वाटलं असतं, याचा तरी विचार करायचास."

"तिला विचारता आलं असतं," मी म्हणाले. "ती होती तेव्हा."

ते चपला घालून खाली निघून गेले. मानेवरची टिकली मी काढली होती, पण तिथे अजून खाज येत होती.

मे महिन्यात एक अनोळखी फोन आला. पलीकडे एक बाई होत्या, इस्लामपूरच्या. मुलाने यंदा 'स्थिरचित्त'ला नाव घातलंय, सरांनी तुमचा नंबर दिला, जरा मार्गदर्शन हवं होतं, असं म्हणाल्या. आवाज चांगला मायाळू होता.

"विचारा," मी म्हणाले.

"राग मानू नका हं. तुमच्या त्या गेल्या, त्या सख्ख्या आत्या होत्या की चुलत?"

"सख्खी."

"चुलत चालत नाही का हो? सर म्हणतात चालतं, पण रेघ तेवढी चढत नाही." त्यांनी कुठलंसं दार लावून घेतलं. "माझा मुलगा खूप हुशार आहे. सगळं छान आहे त्याचं. फक्त तो डोंगर तेवढा होत नाही."

"घरी कोण कोण असतं?" मी विचारलं.

"आम्ही तिघं, आणि सासूबाई. त्याचा फार जीव आहे त्यांच्यावर. पण त्या..." त्यांनी आवाज खाली आणला. "तशा ठणठणीत आहेत."

मी फोन आपटणार होते. मग म्हणाले, "त्यांच्याकडे द्या फोन."

"सासूबाईंकडे? कशाला?"

"मार्गदर्शन हवंय ना? द्या."

तिकडे काहीतरी कुजबुज झाली. मग पावलं वाजली, कुणीतरी फोन उलटा धरला, सरळ केला, आणि एक म्हातारा आवाज आला, "हॅलो? कोन बोलतंय?"

"आजी, मी शर्वरी. तुमची तब्येत कशी आहे?"

"बरी हाय की बाय," आजी म्हणाल्या. त्यांना खरंच बरं वाटलेलं दिसलं. "आधी कोन इचारत न्हवतं. आता घरातली समदी रोज सकाळी इचारत्यात."